शून्य शुल्काचं बारदान आणि दोन कायदे

चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या खरेदी खात्यात नुकत्याच लागलेल्या एका मुलाने विचारलंय: "बांगलादेशच्या तागाच्या मालावर साफ्टा कराराखाली आयात शुल्क शून्य आहे असं वाचलं. तरी तिकडचं बारदान मागवायचं म्हटलं की अँटिडम्पिंग ड्यूटी लागते म्हणतात. शून्य म्हणजे शून्य नव्हे काय? आणि कुणी मुद्दाम पाडून भाव लावून स्पर्धकाला मारत असेल, तर त्याच्यासाठी कॉम्पिटिशन कमिशन आहेच की. एका रोगाला दोन डॉक्टर कशाला?"

प्रश्न थेट गोदामातून आलाय, म्हणून मला आवडला. मी कॉस्ट अकाउंटंट. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्या, शहापूर-वडगावचे मागवाले आणि सीमाभागातले काही साखर कारखाने यांची खर्चपत्रकं करता करता केस पांढरे झाले. अँटिडम्पिंगच्या चौकशीत उत्पादकाच्या बाजूने आकडे भरलेत, खरेदीदाराच्या बाजूनेही भरलेत. तेव्हा उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी शून्याचं बघू. करारातलं शून्य हे बेसिक कस्टम ड्यूटीचं शून्य. साफ्टा, म्हणजे सार्क देशांमधला मुक्त व्यापाराचा करार, २००६ साली लागू झाला आणि २०११ च्या अखेरीस भारताने सार्कमधल्या अल्पविकसित देशांना दारू-तंबाखूच्या २५ वस्तू वगळून बाकी मालावर शुल्क माफ केलं. बांगलादेश त्यात येतो. अँटिडम्पिंग ड्यूटीचं, म्हणजे परदेशी माल त्याच्या घरच्या भावापेक्षा स्वस्तात इथे विकला तर लागणाऱ्या जादा शुल्काचं, खातं निराळं: १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याचं कलम ९ए, आणि त्याच्या मुळाशी जागतिक व्यापाराच्या १९४७ च्या गॅट कराराचा सहावा अनुच्छेद. आसियान, कोरिया, जपान, यूएई, ऑस्ट्रेलिया, ज्यांच्याशी म्हणून आपण करार केले, तिथे हा हक्क दोन्ही बाजूंनी राखून ठेवलाय. पुढचं दार कराराने उघडायचं आणि मागच्या दाराची किल्ली ज्याने त्याने आपल्या कनवटीला लावून ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी दिल्लीला जायच्या आधी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीला जाऊ.

माझा एक जुना अशील उद्यमबागेत ग्रे आयर्नचं कास्टिंग करतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या गिऱ्हाइकाला तो बेळगावातल्या गिऱ्हाइकापेक्षा किलोमागे चार-पाच रुपये कमीने माल द्यायचा. कारण उघड आहे. तिकडे कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या गिऱ्हाइकाच्या दारात बसलेल्या. आणि इकडे भट्टी थंड ठेवली तरी हेस्कॉम या वीज कंपनीचा डिमांड चार्ज चुकत नाही. तेव्हा दूधगंगेपलीकडे भाव उतरवायचा. आता गॅटची व्याख्या लावून बघा: घरच्या बाजारात जास्त भाव, बाहेरच्या बाजारात कमी. हे सरळसरळ डम्पिंग झालं. पण कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याला याची तक्रार घेऊन जायला दारच नाही. देश एक, बाजार एक. घटनेचा ३०१ वा अनुच्छेद देशभर व्यापार मोकळा ठेवतो, आणि २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यापासून परराज्यातल्या विक्रीच्या सी-फॉर्मसाठी गिऱ्हाइकाच्या मागे फिरणंही संपलं.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. एका सकाळी अशीलाचा फोन. "सर, माझंच कास्टिंग माझ्याच गिऱ्हाइकाकडे कागलहून परत यालंय! टेम्पोभाडं धरूनबी त्यास्नी स्वस्त पडालंय." बेळगावच्या गिऱ्हाइकाने कागलच्या ओळखीच्या माणसाकडून माल उचलला होता. आठवड्याभरात अशीलाला दोन्हीकडचा भाव जवळपास सारखा करावा लागला.

या एका टेम्पोत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. घरी महाग आणि बाहेर स्वस्त हा खेळ टिकायला घराभोवती भिंत लागते. आयात शुल्काची, परवान्याची, सरकारी मानकांची, कसली का असेना. भिंत नसेल तर बाहेर स्वस्तात विकलेला माल परत घरी येतो आणि विकणाऱ्याचाच हात भाजतो. आमच्याकडेही अशा भिंती मधूनच उभ्या राहतात म्हणा. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने ऊस परराज्यात न्यायला बंदी घालणारा आदेश काढला होता. शेतकरी उठले, आदेश मागे गेला. त्या दिवसांत निपाणी-कागल पट्ट्यात सगळ्यांनाच एकाएकी व्यापारशास्त्र कळायला लागलं होतं.

आता दोन कायद्यांची मापं. आकडे माझे, केवळ समजायला घेतलेले.

समजा, एक किलो कास्टिंगला भंगार, पिग आयर्न, वीज, वाळू, रेझिन, टनावरची मजुरी असा व्हेरिएबल खर्च ७४ रुपये. व्याज, घसारा, ऑफिस धरून पूर्ण खर्च ९० रुपये. घरच्या बाजारातला भाव ९६. मंदी आहे, आणि तुम्ही ८२ ला विकता.

स्पर्धा कायद्याचा, म्हणजे २००२ च्या कॉम्पिटिशन कायद्याचा पहिला प्रश्न: तुमचं बाजारात वर्चस्व आहे का? नसेल तर फाइल तिथेच बंद. असलं तर दुसरा प्रश्न: भाव खर्चाच्या खाली आहे का? आणि इथे खर्च म्हणजे साधारणपणे सरासरी व्हेरिएबल खर्च, म्हणजे ७४. तुम्ही ८२ ला विकताय, व्हेरिएबल खर्च निघून वर आठ रुपये सुटतात, मग तुम्ही शहाण्या धंदेवाल्यासारखंच वागताय. तिसरा प्रश्न: हेतू स्पर्धक संपवण्याचा आहे का? तीनही पायऱ्या चढल्या तरच कलम ४, म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर.

अँटिडम्पिंगला यातलं काही विचारायचं नसतं. तुमचा हिस्सा अर्धा टक्का का असेना. घरचा भाव ९६, निर्यातीचा ८२, दोन्ही कारखान्याच्या दारातले. फरक १४, तो निर्यातीच्या भावाशी मोजायचा, म्हणजे १७ टक्के डम्पिंग मार्जिन. दोन टक्क्यांच्या आत असतं तर सोडून दिलं असतं. समोरच्या देशातल्या उद्योगाला इजा झाली आणि ती या मालामुळे झाली एवढं दाखवलं की ड्यूटी बसते. हेतू नाही, वर्चस्व नाही, गिऱ्हाइकाचं नुकसान तर यादीतच नाही. घरचा भाव धड सापडला नाही, तर पूर्ण खर्च अधिक वाजवी नफा असा भाव बांधतात.

आपल्याकडे इजा मोजायची रीत आणखी मजेशीर आहे. ड्यूटी डम्पिंग मार्जिनएवढी लावायची की इजा भरून निघण्याएवढी, यातली जी कमी ती लावायची, असा आपला नियम. नियम चांगला आहे, अमेरिकेत तो नाही. पण इजा न होणारा भाव काढताना देशी उत्पादकाच्या खर्चावर गुंतवलेल्या भांडवलाचा २२ टक्के परतावा धरण्याची प्रथा आहे. माझ्या तीसेक वर्षांत उद्यमबागेतल्या किती फौंड्र्यांना सलग २२ टक्के सुटले ते मी बोटांवर मोजून सांगेन, आणि एक हात मोकळा राहील. म्हणजे एका कायद्याच्या लेखी ७४ च्या वरचा भाव निर्दोष, आणि दुसऱ्याच्या लेखी शंभरीच्या आसपासचा भावही इजा करणारा ठरू शकतो. म्हणून म्हणतो, हे दोन डॉक्टर नव्हेत. एक डॉक्टर आहे आणि दुसरा जखमी माणसाचा वकील आहे.

सुरुवातीला एवढी फारकत नव्हती. कॅनडाने १९०४ साली पहिला अँटिडम्पिंग कायदा केला तो सरळ देशी उद्योगाला आडोसा म्हणून. अमेरिकेचा १९१६ चा कायदा मात्र स्पर्धा कायद्याच्या घरातला होता: उद्योग उद्ध्वस्त करण्याचा हेतू सिद्ध करायला लागायचा. तो सिद्ध करणं इतकं अवघड की कायदा जवळपास पडूनच राहिला. मग १९२१ मध्ये हेतूची अट नसलेला कायदा आला. आजचं सगळं जग त्या वाटेने चालतं. १९१६ चा कायदा पुढे डब्ल्यूटीओत हरला आणि अमेरिकेने २००४ मध्ये रद्द केला.

आता तुमच्या बारदानाकडे येतो, कारण हे दोन कायदे एकाच मालावर आमनेसामने आलेले बघायचे असतील तर तागाच्या पोत्यासारखं उदाहरण नाही.

१९८७ चा ज्यूट पॅकेजिंग कायदा तुम्हाला सक्ती करतो की साखरेचा ठरावीक हिस्सा, सध्या २० टक्के, तागाच्याच पोत्यात भरा. तुमच्या गोदामात जा: शंभरातली ऐंशी पोती पीपीची, म्हणजे प्लॅस्टिकची, हलकी, पांढरी, आणि एका कोपऱ्यात तागाच्या तेलाचा वास मारणाऱ्या बारदानाच्या गाठी. हमालही कुरकुरतात, कारण कुसळ साखरेत जातं आणि गिऱ्हाइकाची तक्रार येते. आणि सक्तीच्या या हिश्श्यासाठी बांगलादेशी पोतं तसंही चालत नाही. भारतात पिकलेल्या तागाचं, भारतात विणलेलंच लागतं. म्हणजे विकणाऱ्याला गिऱ्हाईक कायद्याने बांधून दिलंय.

अशा बाजारात काय होतं? साखर कारखान्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेने, इंडियन शुगर मिल्स असोसिएशनने, २०११ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की साखरेला लागणाऱ्या ए-ट्विल पोत्यांचे भाव ताग गिरण्यांची संघटना आणि कोलकात्याची गनी ट्रेड्स असोसिएशन मिळून ठरवतात, रोजचं भावपत्रक निघतं आणि सगळे त्याच भावाला चिकटतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये आयोगाने दोन्ही संघटनांना भाव संगनमताने ठरवल्याबद्दल दोषी धरून दंड लावला. त्यावर अपील झालं. अपिलाचा भाग मी बाजूला ठेवतो, कारण मला दाखवायचंय ते पुढचं. वर्षभराच्या आत, २०१५ मध्ये, त्याच इंडियन ज्यूट मिल्स असोसिएशनच्या अर्जावर बांगलादेश आणि नेपाळच्या तागाच्या सुतावर, हेसियन कापडावर आणि पोत्यांवर अँटिडम्पिंगची चौकशी सुरू झाली. ५ जानेवारी २०१७ ला ड्यूटी बसली. पाच वर्षांनी आढावा झाला आणि २०२२ च्या अखेरीस ती पुन्हा पाच वर्षांसाठी वाढली. मध्यंतरी पोत्यांवर ड्यूटी म्हणून लोक पोत्याच्या कापडाचे तागे आणून इथे शिवू लागले, तर त्या कापडालाही ड्यूटीत ओढलं. आणि २७ जून २०२५ पासून बांगलादेशी तागाच्या बऱ्याच मालाला जमिनीवरची सगळी नाकी बंद. यायचं तर न्हावाशेवा बंदरातून या.

बघा, भिंतीवर भिंत कशी चढली. करारात शुल्क शून्य. वर सक्तीचं गिऱ्हाईक. त्यावर अँटिडम्पिंग. त्यावर बंदराचं बंधन. आणि या भिंतींच्या आत जे विक्रेते उरले, त्यांच्याच संघटनेवर एका दुसऱ्या सरकारी संस्थेने भाव ठरवल्याचा ठपका ठेवलेला. अँटिडम्पिंगची चौकशी करणाऱ्या खात्याने (तेव्हाचं डीजीएडी, २०१८ पासून डीजीटीआर) इजेची इतर कारणं तपासताना व्यापारात अडथळा आणणाऱ्या प्रथाही बघाव्यात असं नियमात आहे, पण अशा ठपक्याला तिथे वेगळी जागा नाही. त्याच्या तक्त्यात 'देशी उद्योगाची विक्री किंमत' हा रकाना आहे. ती किंमत चढाओढीतून आली की खोलीत बसून ठरली, हा रकाना नाही. मला विचाराल तर दोन्ही कायद्यांच्या नात्यातली खरी फट ही आहे.

बंगालच्या ताग पिकवणाऱ्यांची आणि गिरणी कामगारांची बाजू खोटी आहे असं मी म्हणत नाही. बांगलादेश सरकार आपल्या तागाच्या निर्यातीला रोख अनुदान देतं, आणि अनुदानाशी एकटी गिरणी कशी लढणार? पण अनुदानावर इलाज म्हणून प्रतिशुल्काचा वेगळा कायदा आहे.

युरोपात हीच फट एकदा कोर्टाने दाखवून दिली. एक्स्ट्रामेट नावाची फ्रेंच कंपनी कॅल्शियम धातू चीन आणि तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधून आणायची. युरोपात तो धातू बनवणारी कंपनी एकच, पेशिने. ती एक्स्ट्रामेटला माल द्यायला तयार नव्हती, आणि तिच्याच तक्रारीवरून आयातीवर अँटिडम्पिंग ड्यूटी बसली. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती ड्यूटी रद्द केली. माल नाकारून उत्पादकाने आपली इजा आपणच ओढवून घेतली का, हे चौकशीत बघितलंच नाही, एवढ्या मुद्द्यावर. आमच्या खेड्यात म्हणतील, आपणच दुकान बंद ठेवायचं आणि गिऱ्हाईक पळालं म्हणून पंचायतीत जायचं.

"कमिशन आहेच की" या तुमच्या वाक्यावर आपल्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच विचार केलाय, हरिदास एक्स्पोर्ट्सच्या खटल्यात. इंडोनेशियाची फ्लोट काच पाडलेल्या भावात येते म्हणून देशी काच उत्पादकांच्या संघटनेने तेव्हाच्या एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारीविरोधी, आयोगाकडून मनाई मिळवली होती. सोबत सोडा अॅशचंही प्रकरण होतं: अमेरिकी उत्पादकांनी निर्यातीसाठी एकत्र येऊन केलेली ॲन्सॅक नावाची मंडळी, जी त्यांच्या १९१८ च्या कायद्याने तिकडे वैध. सुप्रीम कोर्टाने मनाई उठवली. आयात रोखणं हे एमआरटीपी आयोगाचं काम नाही, डम्पिंगला स्वतंत्र कायदा आहे, आणि स्वस्त माल आल्याने गिऱ्हाइकाचा फायदाच होत असेल तर तेवढ्याने लोकहिताला धक्का लागत नाही, असा निकालाचा रोख. नव्या स्पर्धा कायद्यात कलम ३२ आलं ते ही पोकळी भरायला: कृत्य परदेशात झालं तरी परिणाम भारतातल्या स्पर्धेवर होत असेल तर आयोग हात घालू शकतो. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये, म्हणजे संगनमताविरुद्धच्या कलमात, केवळ निर्यातीसाठी केलेल्या करारांना सूट आहे. आपले निर्यातदार बाहेर संगनमत करोत, आपल्याला चालतं. प्रत्येक देश आपल्या कार्टेलला निर्यातदार म्हणतो आणि दुसऱ्याच्या निर्यातदाराला कार्टेल.

कलम ३२ ने प्रश्न सुटला का? वर्चस्वाची पायरी आठवा. जिओने फुकट डेटा वाटला तेव्हा एअरटेल आयोगाकडे गेली होती. जून २०१७ मध्ये आयोगाने सांगितलं, जिओचं बाजारात वर्चस्वच नाही, मग गैरवापर कसला? फुकट म्हणजे तर शून्य भाव, तरी प्रकरण उभं राहिलं नाही. मग चीनच्या चाळीस कारखान्यांतून प्रत्येकी दोन टक्के माल येत असेल तर कलम ४ मध्ये कुणाला पकडणार?

काही देशांनी मात्र अँटिडम्पिंग सोडून दाखवलंय. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १ जुलै १९९० पासून एकमेकांविरुद्धच्या अँटिडम्पिंग कारवाया बंद केल्या. त्याऐवजी दोघांनी आपापल्या स्पर्धा कायद्यात कलम घातलं की समुद्रापलीकडच्या बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापरही इथे चालणार नाही, आणि एका देशातल्या चौकशीला दुसऱ्या देशातला साक्षीदार, कागद मिळेल. युरोपीय संघात आतल्या आत अँटिडम्पिंग नाही. कॅनडा-चिली करारातही १९९७ ला ते सोडायचं ठरलं. अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोच्या नाफ्ता करारात मात्र जमलं नाही, तिथे फक्त दोन देशांच्या पंचांचं पॅनेल मिळालं. डब्ल्यूटीओत १९९६ च्या सिंगापूर बैठकीपासून स्पर्धा धोरणावर कार्यगट होता. २००४ च्या जुलैत विषयच दोहा फेरीच्या वाटाघाटींच्या टेबलावरून उचलला.

जिथे जमलं तिथे काय होतं? आधी कोगनोळी झाली होती. माल परत फिरू शकत होता, कायदे जुळले होते, एकाचा अधिकारी दुसऱ्याच्या कार्यालयात जाऊन वही बघू शकत होता. नुसती शुल्कं शून्य केली म्हणून अँटिडम्पिंग गळून पडत नाही. आपल्या करारांत, जपानशी झालेल्या किंवा २०२५ मध्ये ब्रिटनशी सही झालेल्या, स्पर्धा धोरणावर प्रकरण आहे; पण ते एकमेकांना कळवू, सल्लामसलत करू अशा सहकार्याचं आहे. त्यावर ड्यूटी सोडून देणं म्हणजे साखरपुड्याच्या फोटोवर कर्ज देण्यासारखं. आणि आपल्या बहुतेक चौकशा ज्या चीनविरुद्ध आहेत, त्याच्याशी तसा करारच नाही.

म्हणून माझं मत असं: अँटिडम्पिंग आज काढता येणार नाही, पण त्याच्या चौकशीत स्पर्धेचे दोन-तीन प्रश्न घालता येतात आणि घालायलाच हवेत. देशात हा माल बनवणारे किती? ड्यूटी लावल्यावर त्यांच्यात चढाओढ उरेल का? त्यांच्यावर आधी संगनमताचा किंवा वर्चस्वाचा ठपका आहे का? आज हे ओझं वित्त मंत्रालयावर पडतं. डीजीटीआर शिफारस करतं, ड्यूटी लावायची की नाही ते केंद्र सरकार ठरवतं. फेब्रुवारी २०२० च्या बजेटात पीटीएवरची, म्हणजे पॉलिस्टरच्या कच्च्या मालावरची ड्यूटी लोकहितासाठी म्हणून काढली. वडगावातल्या मागवाल्याने पीटीए कधी डोळ्याने बघितलं नसेल, पण पॉलिस्टर सुताच्या कोनाचा भाव तिथूनच सुरू होतो. व्हिस्कोस फायबरचंही तसंच: २०१० पासून चीन-इंडोनेशियाच्या मालावर ड्यूटी, देशात मोठा उत्पादक एकच, ग्रासिम, मार्च २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल त्या कंपनीला ३०१.६१ कोटींचा दंड लावला, कंपनीने त्याला आव्हान दिलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ड्यूटी उठवली. दोन खाती, दोन तारखा, एकच माल. एका टेबलावर बसले असते तर सूतगिरण्यांची काही वर्षं वाचली असती.

फौंड्रीवाल्यांना मी हेच सांगत असतो. चीनचं कास्टिंग आलं की "सर, ड्यूटी लावूस पाहिजे" म्हणत येतात. मी विचारतो, मेटकोकचं, म्हणजे भट्टीत जळणाऱ्या कोकचं काय? २०१६ मध्ये ऑस्ट्रेलिया-चीनच्या मेटकोकवर ड्यूटी लागली, २०२५ च्या जानेवारीपासून आयातीच्या टनांवरच मर्यादा आली, तेव्हा कोकवरच्या क्युपोला भट्ट्या चालवणारे तुम्हीच बोंबलत होता. एका बाजूने तुम्ही जखमी, दुसऱ्या बाजूने गिऱ्हाईक. आणि तिसऱ्या बाजूने आरोपी: हावड्याच्या फौंड्र्यांची मॅनहोलची झाकणं युरोपात अशाच चौकशीत सापडली होती. २०१८ मध्ये चीनवर ड्यूटी बसली, भारताविरुद्धची कारवाई डम्पिंग न आढळल्याने बंद झाली. त्यांनी कागद नीट ठेवले होते म्हणून.

एक इशारा, अर्ज करू पाहणाऱ्यांसाठी. अर्जाला देशी उत्पादनात किमान २५ टक्के वाटा असलेल्या उत्पादकांचा पाठिंबा लागतो, म्हणजे संघटनेची बैठक आली. अशा एका बैठकीत मी बसलो होतो. चहा आला, आणि कुणीतरी सगळ्यांचे विक्रीभाव आणि खर्च शेजारी शेजारी छापलेला कागद 'तुलनेला' म्हणून फिरवला. मी तिथल्या तिथे सगळ्या प्रती गोळा करून फाडायला लावल्या. बरेच जण रागावले. पण तो कागद अँटिडम्पिंगच्या अर्जाला जितका उपयोगी, त्याहून कलम ३ च्या चौकशीला उपयोगी. प्रत्येकाने आपले आकडे गोपनीय म्हणून थेट सल्लागाराकडे द्यावेत, आणि बेरीज त्यानेच करावी.

आता तुमच्यासाठी, म्हणजे खरेदीदारासाठी. चौकशी सुरू झाल्याची सूचना राजपत्रात येते, तेव्हा माल वापरणारा उद्योग म्हणून तुम्हाला हितसंबंधी पक्ष होता येतं, तोंडी सुनावणीला बसता येतं. बहुतेक कारखाने हे करत नाहीत. ड्यूटी बसल्यावर जागे होतात. मागच्या तीन-चार वर्षांची बारदान खरेदीची बिलं, कुणी किती दिवसांत किती गाठी दिल्या, कोटेशन मागितल्यावर चार पुरवठादारांनी पैशापर्यंत एकच भाव दिला असेल तर ती चारही पत्रं, आणि कुणी माल नाकारला असेल तर तो ई-मेल, एवढं एका फाइलीत लावा. हीच फाइल गरज पडली तर स्पर्धा आयोगाकडेही चालते. उत्तराला साधारण ३० दिवस मिळतात. ते नेमके गळिताच्या ऐन भरात आले तर तुमच्या खात्यात फाइल शोधायलाही माणूस मोकळा नसेल, तेव्हा ती कारखाना बंद असताना, पावसाळ्यातच लावून ठेवा.